पारंपरिक हिरवळ

मुलुंड पूर्वेला आम्ही ज्या सोसायटीत राहतो, तिच्या सूचनाफलकावर गेल्या वर्षी वार्षिक सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका लागली. गच्चीची गळती, वाहनतळाचे शुल्क, लेखापरीक्षकाची नेमणूक असे नेहमीचे विषय ओलांडून नजर सातव्या विषयावर आली आणि तेथेच अडखळली. ‘प्रवेशद्वारालगतची पारंपरिक हिरवळ काढून त्या जागी फुलझाडे लावण्याबाबत विचारविनिमय करणे.’ भाषा शिकवण्यात आयुष्य गेलेल्यांना विशेषणे टोचतात. आमची इमारत पुरती तीस वर्षांचीही नाही आणि हिरवळ तिच्याहून दोन पावसाळ्यांनी लहान. तिला ‘पारंपरिक’ हे बिरूद कोणी आणि कशाच्या बळावर दिले? सचिवांना विचारले, तर ते म्हणाले, “अहो, पहिल्यापासून आहे ना, म्हणून.” उत्तर प्रामाणिक होते. बहुतेक परंपरा अशाच ठरतात. तरीही या ‘पहिल्यापासून’चा माग काढावा असे वाटले. प्रस्तुत लेख हा त्याचाच परिपाक आहे.

मुलुंडच्या जमिनीवर गवत पहिल्यापासून होतेच, याबद्दल वाद नाही. साष्टी बेटाचा बहुतेक भाग खाचरे, खाजण आणि वरकस यांत वाटलेला होता. खाचरांत भात, खाजणात मीठ आणि उंचवट्याच्या वरकस जमिनीवर गवत. हे गवत शोभेचे नव्हते. ते छपरावर जाई, गुरांच्या पोटात जाई, वाळल्यावर पालापाचोळ्यासह राब भाजण्याच्या कामी येई आणि उरलेले मुंबईच्या बाजारात विकले जाई. त्या काळची मुंबई घोड्याबैलांवर चालत होती. ९ मे १८७४ रोजी शहरात ट्राम सुरू झाली, ती घोड्यांनी ओढलेली. विजेची ट्राम आली ती थेट १९०७ साली. मधल्या तेहेतीस वर्षांत ट्रामचे, बग्ग्यांचे, लष्कराचे घोडे आणि मालाचे खटारे ओढणारे बैल यांना जो चारा लागे, त्यात शहराबाहेरच्या माळांचा वाटा मोठा होता. आज इंधनाचे दर वाढले की जशी कुरकुर होते, तशी तेव्हा गवताच्या भावावरून होत असणार.

गवत ही किती गंभीर बाब होती याची खूण मुंबईच्या लोकलच्या नकाशावर आजही आहे. इंग्रज सरकारने मैदानावर गुरे चारण्यासाठी शुल्क बसवले, तेव्हा गरीब गुराख्यांची अडचण पाहून सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८३८ साली पदरचे वीस हजार रुपये खर्चून ठाकूरद्वारजवळ कुरण विकत घेतले आणि ते मोफत चरण्यासाठी खुले केले. त्या चरणीवरून चर्नी रोड हे नाव पडले, असे सांगितले जाते. रोज लक्षावधी प्रवासी हे नाव ऐकतात. त्यांतल्या कितीजणांच्या मनात एखादी म्हैस उभी राहत असेल, कोण जाणे.

या गवताला एक कालमर्यादाही होती. मृगाच्या पावसाबरोबर ते उगवे, श्रावणभाद्रपदात कमरेएवढे होई, दसऱ्याच्या आगेमागे त्याची कापणी होई आणि मग माळ पिवळा पडून पुढच्या जूनपर्यंत तसाच राही. मुंबई उपनगरात वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने जमीन कोरडी. या हवेत मे महिन्यात हिरवेगार राहणारे गवत ही निसर्गातली घटना नव्हे, ती पाणीपुरवठा विभागातली घटना आहे.

मे महिन्यातल्या या हिरव्या गवताला आपण ‘हिरवळ’ म्हणतो खरे, पण मराठीत हिरवळ हा शब्द आधी हिरवेपणाचा, पावसानंतर पसरलेल्या ओल्या टवटवीचा वाचक होता. हिरवळ ‘पसरत’ असे, कोणी ती ‘बसवत’ नसे. गवत म्हणजे वनस्पती, कुरण म्हणजे राखलेला चराऊ माळ, हरळी म्हणजे शेतकऱ्याचा शाप आणि दूर्वा म्हणजे गणपतीची आवड. यांतले शेवटचे दोन शब्द एकाच वनस्पतीचे आहेत हे पुष्कळांना ठाऊक नसते. देशावरचा शेतकरी हरळीने पिढ्यान्‌पिढ्या हैराण झालेला आहे. तिची काशी खणता खणता कुदळीचे दांडे मोडतात, आणि एखादा चिवट माणूस दिसला की त्याला आपण हरळीच्या मुळीची उपमा देतो. तीच हरळी देवघरात एकवीसच्या जुडीने जाते तेव्हा दूर्वा होते. आणि तीच, ‘दूब’ या उत्तरेकडील नावाने, इंग्रजांनी आपल्या बंगल्यांपुढच्या हिरवळींसाठी निवडली. अमेरिकेच्या दक्षिण भागात घरोघरी जे ‘बर्म्युडा ग्रास’ कापले जाते, तेही हेच. शेतात तण, देवघरात नैवेद्याच्या बरोबरीची, साहेबाच्या अंगणात गालिचा असे तिहेरी आयुष्य दुसऱ्या कोणत्या वनस्पतीच्या वाट्याला आले असेल असे वाटत नाही. अलीकडे सोसायट्यांत ‘मेक्सिकन’ किंवा ‘कोरियन’ म्हणून ओळखले जाणारे आखूड, दाट गवत चौकोनी तुकड्यांनी आणून बसवतात. त्यामुळे हरळीचे हे तिसरे आयुष्य आता संपत आले आहे.

साहेबाच्या अंगणातला गालिचाही काही अनादी नव्हता. आखूड कापलेले विस्तीर्ण गवत ही मुळात इंग्लंडातल्या जमीनदारांची चैन. मेंढ्या आणि विळेवाले मजूर यांच्याशिवाय ते राखता येत नसे. १८३० साली ग्लॉस्टरशरमधल्या स्ट्राउड या गावी एडविन बडिंग याने गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि ही चैन मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. लोकरी कापडावरची लव छाटणाऱ्या गिरणीतल्या यंत्रावरून त्याला ही कल्पना सुचली. म्हणजे गवताकडे कापडासारखे पाहण्याची दृष्टी त्या यंत्रातच होती. इंग्लंडात वर्षभर रिमझिम पाऊस पडतो, तेथे हे कापड फुकट ओले राहते. हिंदुस्थानात ते ओले ठेवायला माणूस लागला.

सत्तेच्या आवडीनिवडी बागेत किती खोल जातात याचे ठळक उदाहरण आग्र्याचे आहे. ताजमहालापुढची बाग मुघलांनी आखली ती फळझाडे, फुलझाडे आणि वाहते पाणी यांची. आज आपण तेथे जी मोकळी, सपाट हिरवळ पाहतो, ती विसाव्या शतकाच्या आरंभी, लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय (१८९९–१९०५) असताना झालेल्या फेरआखणीतून आली. फुले गेली आणि गवत आले. कर्झनसाहेबांनी स्मारकांच्या जतनासाठी जे केले त्याचे ऋण मोठे आहे, पण त्या बागेत त्यांना विलायतेतल्या उद्यानासारखे मोकळे दृश्य हवे होते हे उघड आहे. आमच्या सोसायटीच्या सातव्या विषयाची ही बरोबर उलटी बाजू. गंमत अशी की आज ताज पाहणाऱ्या कोणालाही ती हिरवळ ‘पारंपरिक’च वाटते.

उपनगरात हिरवळ फार उशिरा आली. अंधेरी आणि घाटकोपर १९५० साली बृहन्मुंबईत आले, बोरिवली आणि मुलुंड १९५७ साली. त्याआधीच्या आणि नंतरच्याही दोनतीन दशकांतल्या वसाहतींची नावे पाहिली तरी त्यांच्या कल्पनेतले घर कळते. वाडी, बाग, नगर. पु. ल. देशपांडे यांचे बालपण ज्या जोगेश्वरीच्या वसाहतीत गेले, तिचे नाव सरस्वतीबाग. दुमजली घरे, मागे विहीर, पुढे मातीचे अंगण आणि कडेने जास्वंद, तगर, कण्हेर, एखादा पारिजातक, नळाच्या सांडपाण्यावर सोनटक्का आणि अळू. अंगण हे उघड्या मातीचे असायचे, कारण ते सारवायचे असे, त्यावर वाळवणे घालायची असत, मुलांनी विटीदांडू खेळायचा असे. अंगणात गवत उगवू देणे हे घरातली बाई आळशी असल्याचे लक्षण मानले जाई. तेच गवत पुढे सोसायटीच्या श्रीमंतीचे लक्षण ठरावे, हा बदल एका पिढीत घडला.

गवत त्या काळातही उपनगरात होते, पण ते आपल्या जागी होते. शहरातले गोठे बाहेर हलवण्यासाठी १९४९ साली गोरेगावला आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. सुमारे १,२८७ हेक्टरांच्या त्या परिसरात म्हशींसाठी पॅरा गवत मुद्दाम लावले गेले. म्हणजे घोडे गेले तरी मुंबईचा चारा साष्टीतच पिकत राहिला. शाळेच्या सहलीला आरेत गेलेल्या आमच्या पिढीला ‘गवत’ म्हटले की अजून तो ओला, उग्र, शेणमिश्रित वास आठवतो.

मग हिरवळ नेमकी आली कशी? थोडी सिनेमातून, जुहूच्या बंगल्यांच्या छायाचित्रांतून. थोडी क्लबांतून. पण मुख्यतः ती आली नियमांतून आणि जाहिरातपत्रकांतून. बृहन्मुंबईच्या १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने मोठ्या भूखंडांवर मनोरंजनासाठी मोकळी जागा सोडणे बंधनकारक ठेवले. एक हजार एक ते अडीच हजार चौरस मीटरच्या भूखंडावर १५ टक्के, दहा हजारांपर्यंत २० टक्के, त्यापुढे २५ टक्के. नियम चांगला होता. पण मोकळ्या जागेवर काय असावे याची कल्पना विकासकाने करायची होती, आणि त्याला सगळ्यांत लवकर, सगळ्यांत स्वस्तात आणि ताबा देण्याच्या दिवशी हमखास हिरवे दिसेल असे काहीतरी हवे होते. फुलझाड वाढायला दोन वर्षे घेते. हिरवळीचे तुकडे एका आठवड्यात बसतात. पुढे गाड्यांसाठी तळघरे आणि पोडियम आले आणि बाग स्लॅबवर चढली. फूटदीड फूट मातीत गवताशिवाय दुसरे फारसे काही तगत नाही. स्लॅबवरच्या या बागांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर २०१३मध्ये न्यायालयाने बंधनकारक मनोरंजन मैदान जमिनीवरच असले पाहिजे, पोडियमवर नव्हे, असा निर्णय दिला. झाडाची मुळे आणि मुलांचे पाय यांना खरी जमीन लागते ही गोष्ट न्यायालयात सिद्ध करावी लागली, हे या शहराचे वैशिष्ट्यच म्हणायचे.

आमची हिरवळ सुदैवाने जमिनीवर आहे. तिची दिनचर्या आम्ही वर्षानुवर्षे खिडकीतून पाहिली आहे. दर पंधरवड्याला यंत्र फिरे. दोन बायका उकिडव्या बसून सुरीने लव्हाळा उपटत. ज्या लव्हाळ्याला तुकोबांनी नम्रतेचा आदर्श म्हणून महापुरासमोर उभे केले, तो आमच्या सोसायटीत नको असलेल्यांच्या यादीत पहिला होता. उन्हाळ्यात टँकर येई. ज्या वर्षी पाऊस लांबला, २००९ साली, आणि महापालिकेने पाणीकपात जाहीर केली, त्या वर्षी घरात बादल्या मोजून पाणी आणि खाली हिरवळीवर फवारे असे दृश्य काही दिवस होते. कोणीतरी तक्रार केली, फवारे बंद झाले आणि पंधरा दिवसांत हिरवळ तपकिरी पडली. तेव्हा कळले की ती किती उसन्या पाण्यावर जगत होती. आणि एवढे करून तिच्यावर कोणी बसत नसे. कडेला पत्र्याची पाटी होती: ‘हिरवळीवर चालू नये.’

आम्हांला मात्र हिरवळीत सर्वांत खटकणारी गोष्ट वेगळी आहे. ‘गवत काढून फुले लावणे’ या वाक्यात गवत आणि फूल यांना परस्परविरोधी मानले आहे. पण गवत ही फुलणारी वनस्पती आहे. हिरवळ म्हणजे फुलण्याआधी कापलेले गवत. दर पंधरवड्याला फिरणारे यंत्र नेमके एवढेच करते, गवताला फुलापर्यंत पोचू देत नाही. मराठी कवितेला हा भेद कधीच मान्य नव्हता. बालकवींच्या ‘फुलराणी’त फूल आणि गवत एकाच घरचे आहेत. इंदिरा संतांना लहान मुलांशी बोलताना ‘गवतफुला’शीच सलगी करावीशी वाटली. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ वाचताना लक्षात येते की बारा महिन्यांचा हिशेब लिहायला डोळ्यांपुढे महिन्यागणिक बदलणारे काहीतरी असावे लागते. हिरवळीवर ‘ऋतुचक्र’ लिहिता आले नसते. तिला एकच तारीख माहीत असते. एका जुलैत आमच्या सोसायटीतले यंत्र नादुरुस्त झाले आणि महिनाभर आले नाही. तेव्हा त्या मेक्सिकन गवतात हरळी, लव्हाळा, कुठलीशी बारीक निळी फुले आणि एका कोपऱ्यात चक्क तेरडा उभा राहिला. तो बियाण्याने कुठून आला कोणास ठाऊक. मुले कधी नव्हे ती तेथे गुडघ्यांवर बसलेली दिसली.

फुलझाडांच्या बाजूने बोलताना मात्र आपणही सावध राहिले पाहिजे. ‘आपल्या परंपरेत फुले होती’ हे खरे, पण ती निव्वळ पाहण्यासाठी क्वचितच होती. मराठी मुलखातला आदर्श बागवान म्हणजे अरणचे संत सावता माळी, आणि त्यांच्या मळ्यात त्यांना विठ्ठल भेटला तो भाजीपाल्यात. फूल हा एक व्यवसाय होता, श्रम होता, जात होती. महात्मा जोतीराव फुले यांचे मूळ आडनाव गोऱ्हे. पेशव्यांकडे फुले पुरवण्याच्या धंद्यामुळे घराण्याला फुले हे नाव पडले. फूल कोणी लावायचे, कोणी खुडायचे, कोणी ओवायचे आणि कोणी वाहायचे याची समाजाने काटेकोर वाटणी केली होती. आजही पहाटे विरार–वसईकडून येणाऱ्या गाडीत मोगरा, सोनचाफा आणि जास्वंदीच्या कळ्यांची गाठोडी घेऊन बायका दादरच्या फूलबाजाराकडे निघालेल्या असतात. गणपतीच्या दिवसांत बोरिवली आणि गोरेगाव स्थानकांबाहेर पाड्यांवरच्या आदिवासी बायका दूर्वा, पत्री, तेरडा मांडून बसतात. आमचे सचिव दरवर्षी हिरवळीला वळसा घालून जातात आणि स्थानकाबाहेरून दूर्वांची जुडी विकत आणतात. यात त्यांचा दोष नाही. मेक्सिकन गवत गणपतीला चालत नाही.

सभेला त्या दिवशी अपेक्षेहून अधिक गर्दी झाली. गच्चीच्या गळतीवर दहा मिनिटे बोलणे झाले, हिरवळीवर दीड तास. एक गृहस्थ म्हणाले की हिरवळ गेली तर घरांचे भाव उतरतील, दलाल पहिले छायाचित्र तिचेच काढतो. तरुण आईबापांना मधमाश्यांची आणि डासांची भीती होती. एका मुलीने उठून सांगितले की महाराष्ट्राने २०१५ साली ज्या फुलपाखराला राज्य फुलपाखरू ठरवले, त्या नीलवंताला अंडी घालायला लिंबासारखी झाडे लागतात. कढीपत्ता आणि पानफुटी लावली तरी निरनिराळी फुलपाखरे येतील, आणि गवतावर वाढणारी फुलपाखरेही आहेत, पण त्यांना वाढलेले गवत लागते. ती एवढे माहितीपूर्ण बोलली की सभा क्षणभर गप्प झाली. मग खजिनदारांनी टँकरचा आणि माळीकामाचा वर्षाचा खर्च वाचून दाखवला, आणि खरे तर तेथेच ठराव मंजूर झाला.

पण वाद संपला नव्हता, तो आता सुरू झाला. फुले लावली तर ती तोडायची कोणी? ज्येष्ठ महिलांनी सरळ सांगितले की पूजेला रोज विकतची फुले परवडत नाहीत, खाली झाडे असतील तर परडी घेऊन जाऊ. त्यावर तळमजल्यावरचे एक गृहस्थ उसळले. सकाळी सहापूर्वी सगळी झाडे बोडकी होणार असतील तर लावायची कशाला? बाग ही सर्वांनी पाहण्यासाठी असते. मराठी माणसाला पहाटे दुसऱ्याच्या कुंपणातून आकडीने जास्वंद ओढणारी आजी ओळखीची आहे. अशा फुलांच्या पूजेचे पुण्य झाडाच्या मालकाला जाते असेही आपल्याकडे म्हणतात, आणि म्हणूनच की काय मालक फारसा ओरडत नसे. येथे मालक एकशे बारा सदनिकाधारक होते. पुण्याची वाटणी कशी करायची?

आम्ही त्या सभेत बोललो नाही, पण आमचे मत असे की हा प्रश्न हिरवळीच्या प्रश्नाहून मोठा आहे, कारण तोच खरा ऐतिहासिक प्रश्न आहे. साष्टीचे गवत कापण्यासाठी होते, अंगणातले फूल खुडण्यासाठी होते. हिरवळीने आपल्याला जे शिकवले ते हिरवा रंग नव्हे, तर लांबून पाहणे. त्या जागी लावलेले फूलही लांबूनच पाहायचे असेल, तर झाड बदलले, बाग तीच राहिली. ज्येष्ठ महिलांची मागणी कोणाला किरकोळ वाटेल, धार्मिकही वाटेल. आम्हांला ती त्या सभेतली एकमेव मागणी वाटली जिच्यात जमिनीशी काही देणेघेणे होते. झाड बोडके होईल ही तळमजल्यावरची भीतीही खोटी नाही. पण जास्वंद खुडली की दुसऱ्या दिवशी पुन्हा फुलते, आणि न खुडलेली जास्वंद संध्याकाळी मिटून गळतेच.

ठराव तडजोडीचा झाला. अर्धी हिरवळ निघाली, अर्धी छायाचित्रासाठी राहिली. मार्चमध्ये लाल माती आली, जूनमध्ये रोपे. जास्वंद, तगर, अबोली, गुलबक्षी, सदाफुली, भिंतीकडेला अनंत आणि सोनटक्का, लिंबाचे आणि कढीपत्त्याचे एकेक झाड, आणि कोपऱ्यात पारिजातकाचे चांगले पुरुषभर उंचीचे रोप. जुनी पत्र्याची पाटी माळ्याने फेकली नाही. समितीच्या सांगण्यावरून तिच्यावर पांढरा रंग मारून ‘फुले तोडू नयेत’ असे लिहिले गेले. रंग पातळ लागल्यामुळे उन्हात जुनी अक्षरे अजून खालून दिसतात.

पारिजातकाला पहिली फुले भाद्रपदाच्या अखेरीस आली. ती रात्री उमलतात आणि पहाटे आपोआप खाली पडतात. जमिनीवर पडलेले फूल देवाला वाहायचे नाही हा नियम या एका झाडाला लागू नाही. साडेपाचला तिसऱ्या मजल्यावरच्या आजी प्लास्टिकची पिशवी घेऊन खाली उतरतात, गुडघ्यावर हात ठेवून वाकतात आणि एकेक फूल टिपतात. पहारेकऱ्याने पहिल्या दिवशी त्यांना पाटी दाखवली. त्या म्हणाल्या, “मी कुठे तोडतेय?” आता तो त्यांना खुर्ची आणून देतो.